शहरातील जुने, लहान घर

सुगी आटोपली म्हणजे एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येणारी मंडळी वाढतात. मुले शिकावयास बेळगावात जातात, पुढे तिथेच नोकरीस लागतात, भाड्याच्या खोलीला कंटाळतात; आणि मग कोणीतरी सांगते की, जुन्या गल्लीत एक लहानसे कौलारू घर विकाऊ आहे. शाळा, दवाखाना, चर्च सारे पायी जाण्याच्या अंतरावर. किंमत ऐकून मात्र छाती दडपते. ‘फादर, घ्यावे की घेऊ नये?’ ह्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. परंतु घर पाहावे कसे, एवढे सांगता येईल.

जुन्या गल्लीतील पंधरा फूट रुंद व साठ फूट लांब घर म्हणजे 900 चौरस फूट जागा. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा. म्हणजे पुरता गुंठाही हाती येत नाही, आणि त्यासाठी गावाकडील वीस-पंचवीस गुंठे शेत विकण्याची भाषा चाललेली असते! हा व्यवहार वेडेपणाचाच असतो असे आम्ही म्हणत नाही. शेत राखून मुलाने आयुष्यभर भाडे भरणे हेही काही शहाणपणाचे नव्हे. परंतु आपण पैसे कशाचे मोजतो, हे मनाशी स्पष्ट असावे. कौले बदलता येतात, फरशी नवी घालता येते. मात्र गल्लीची रुंदी, माजघरात येणारा उजेड आणि दोन्ही बाजूंच्या घरांशी असलेल्या सामाईक भिंती तुम्हांस बदलता येणार नाहीत. विकणारा नेमकी फरशी आणि रंग दाखवितो. (गेल्या वर्षी पाहिलेल्या एका घरात फरशी इतकी गुळगुळीत होती की वर आढ्याकडे पाहण्याचे कोणास सुचलेच नाही.)

घर पाहावयास मे महिन्यात जाऊ नये. भर पावसात जावे. बेळगावचा पाऊस भिंतीचे खरे रूप उघडे करतो. जुन्या घरांच्या भिंती काही ठिकाणी जांभ्या दगडाच्या, काही ठिकाणी भाजलेल्या विटांच्या, तर पुष्कळ ठिकाणी मातीच्या असतात. 2019 सालच्या ऑगस्टातील अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यात हजारो घरे पडली, त्यांत मातीच्या भिंतींची पुष्कळ होती. तेव्हा भिंत कशाची आहे हे विचारून भागत नाही. एखाद्या कोपऱ्यातील गिलावा खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर विशेष सावध असावे. चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडते. सिमेंटमागे ती कोंडून राहते आणि आतली माती भुसभुशीत होते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे असे समजावे.

छपराकडे पाहताना कौलांपेक्षा लाकूड महत्त्वाचे. तुळईचे टोक भिंतीत शिरते तेथेच वाळवी प्रथम लागते. तेथे चाकूचे टोक टोचून पाहावे; सहज आत गेले तर छप्पर नव्याने करण्याचा खर्च किंमतीतून वजा धरावा. दोन घरांच्या मधली पन्हळ कोणाच्या मालकीची व ती साफ कोण करतो, हे शेजाऱ्याला विचारावे. गल्लीतील निम्मी भांडणे ह्या पन्हळीवरून होतात. पाणी कोणत्या वेळी येते हेही तोच खरे सांगेल. 2008 साली शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, परंतु म्हणून प्रत्येक गल्लीत अहोरात्र नळ वाहतो असे गृहीत धरू नये.

आता कागदांकडे वळू. सिटी सर्व्हेचा उतारा, महानगरपालिकेचा खाता आणि उपनिबंधक कचेरीतून निदान तीस वर्षांच्या बोजाचा दाखला, हे तीनही पाहावे. रस्तारुंदीच्या आखणीत घराचा दर्शनी भाग जातो काय, हे लेखी विचारावे. पंधरा फुटांच्या घरातून पुढचे आठ फूट गेले तर उरते काय? कँपातील जुन्या बंगल्यांपैकी पुष्कळांची जमीन सरकारची असून मालकाचा हक्क बांधकामापुरताच असतो, हेही ध्यानात असावे.

परंतु आमच्या मते सर्वांत जड प्रश्न सह्यांचा आहे. आमच्या परिचयाचे एक कुटुंब असे घर घेण्यास निघाले. मूळ मालक मृत्युपत्र न करता वारला होता. मागे विधवा, दोन मुलगे व दोन मुली. थोरला मुलगा एकटाच व्यवहारास बसला. ‘बहिणींचे लग्नातच देऊन झाले,’ असे तो म्हणाला. हे वाक्य आपण आपल्याही घरांत ऐकतो. कायदा ते मानीत नाही. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी ख्रिस्ती विधवेस एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत सर्व अपत्यांना, मुलगा असो वा मुलगी, सारखा वाटा. म्हणजे त्या थोरल्या मुलाचा वाटा केवळ एक षष्ठांश होता, आणि विकावयास निघाला होता तो सबंध घर! (गोव्यातील कायदा निराळा, तेथे पतिपत्नीची मिळकत सामान्यतः सामाईक असल्यामुळे जोडीदाराचीही संमती लागते.)

घेणाऱ्यांनी इसार देण्यास नकार दिला. थोरला रागावला, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे असे त्याने बजावले. घेणाऱ्याच्या पत्नीने शांतपणे विचारले, ‘तुमच्या बहिणींना किंमत ठाऊक आहे काय?’ नव्हती. धाकटी वास्कोला, थोरली गदगला. दोघींना कोणी पत्रही लिहिले नव्हते. पाच महिने गेले. शेवटी दोघी आल्या. धाकटीने हक्क सोडला, थोरलीने आपला वाटा रोख मागितला आणि तो तिला खरेदीखताच्या दिवशीच मिळाला. विधवा आईने मात्र एक अट घातली की, आपल्या वाट्याचे पैसे मुलाच्या नव्हे, आपल्या नावे बँकेत जावेत. पाचही जणांच्या सह्या झाल्या, तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. घेणाऱ्यांनी त्याच आठवड्यात माजघराची पश्चिमेकडील भिंत खरवडून पाहिली. भिंत जांभ्याची निघाली.