पिताना चारचौघांत, सोडताना का लपून?

दारू सोडायची म्हटलं की शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात चार उत्तरं तयार असतात. ‘मनात आणलं तर आज सुटेल.’ ‘माळ घाल.’ एसटी स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेलं तिसरं: ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा.’ आणि चौथं, ‘ते दारू सोडणाऱ्यांचे गट-बिट शहरातल्यांचे, शेणव्यासारख्या गावात कोण आपली अब्रू काढून बसणार?’ चारही तपासून पाहू.

मनाचं आधी. ज्याचं शरीर वर्षानुवर्षं रोजच्या दारूवर चाललंय, त्याने ती एका झटक्यात तोडली तर काही तासांत हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप हाक मारतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि भगताला बोलावतात. हा आजार आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही व्यसनातून येणारे विकार मानसिक आजारांत धरले आहेत. म्हणून जुन्या पिणाऱ्याची पहिली पायरी दवाखान्याचीच. मनाचं काम त्यानंतर सुरू होतं.

भिंतीवरच्या जाहिरातीचं दुकान तर बंदच व्हायला हवं. पुडीत नेमकं काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. दारूशी वैर असलेलं डायसल्फिराम हे औषध डॉक्टरच्या देखरेखीत, रोग्याच्या संमतीने देतात. तेच कालवणातून लपवून दिलं आणि वर त्याने बाटली घेतली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, वेळेला मृत्यू. शिवाय ज्याला आपण काही सोडतोय हेच ठाऊक नाही, त्याने सोडलं काय?

माळेची गोष्ट वेगळी. तिला हसणाऱ्यांतला मी नाही. माळ घालून, बैठकीला जाऊन सावरलेली माणसं इकडे गावोगाव आहेत. कारण साधं आहे: ज्या वेळेला पाय गुत्त्याकडे वळायचे, त्या वेळेला हरिपाठ असतो, शेजारी माणसं असतात, एखाद्या दिवशी आला नाही तर कुणीतरी विचारतं. म्हणजे माळ घालणारा नकळत एका गटातच जातो. उणीव एकच. पाय घसरला की तो माळ उतरवून खुंटीला लावतो, आणि त्या दिवसापासून भजनाला फिरकत नाही. घसरलेल्याने येऊन ‘घसरलो’ म्हणावं, अशी जागा तिथे सहसा नसते.

ती जागा 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक सर्जन या दोन दारुड्यांनी शोधली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे आपल्याकडची ‘एए’, 1957 मध्ये भारतात आली. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. ‘स्लिप’ झालेला पुन्हा येऊन बसतो आणि त्याला कुणी हाकलत नाही. 2020 साली कॉक्रेनच्या आढाव्यात 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली गेली. दारूपासून सलग दूर राहण्यात एए आणि तिच्या बारा पायऱ्यांवरचे उपचार इतर उपचारांपेक्षा सरस ठरले.

आता चौथा आक्षेप, आणि तो खरा आहे. मुंबईत एएच्या गटात आडनाव न सांगता बसता येतं. शेणव्यात आडनाव विचारावंच लागत नाही. पाडा, बाप, आजा सगळं ठाऊक. इथे अनामिक राहणं अशक्य. पण लपवायचं काय उरलंय? जो नाक्यावर गटाराकडेला पडलेला अख्ख्या गावाने पाहिला, हळदीच्या रात्री ज्याला चौघांनी उचलून घरी टाकला, त्याचं पिणं गावाला पाठ आहे. पिताना गावाची लाज नव्हती, ती सोडताना कुठून आली?

म्हणून माझं म्हणणं: गावातला गट नाव लपवण्यावर उभा राहणार नाही, ऐकलेली गोष्ट बाहेर न नेण्यावर उभा राहील. बायकोला मारल्याचं, गहाण टाकलेल्या जोडव्यांचं जे खोलीत बोललं गेलं, ते चहाच्या टपरीवर पोचता कामा नये. योग्य गटाची पहिली कसोटी हीच. दुसरी, डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगणारा आणि ‘हमखास सुटेल’ म्हणून पैसे मागणारा गट आपला नव्हे. तिसरी, मिटिंग संपल्यावर घरी परतायला एसटी हवी. चौथी, दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला कातकरी पावसाच्या तोंडाला परतला, तर त्याची जागा राखलेली हवी. आणि घरच्यांनाही बसायला जागा हवी. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला तो उगाच नाही. दारू एकजण पितो, चढते सगळ्या घराला.

असा गट जवळपास नसेल तर? आसनगावहून लोकल धरून मुंबईकडच्या एखाद्या गटात तीन-चारदा बसून यावं. एका मिटिंगवरून ठरवू नये. मग पडवीत दोघांनी सुरू करावं. अ‍ॅक्रनलाही दोघंच होते. वार कोणताही चालेल, पण गटारीला आणि हळदीच्या रात्री मिटिंग चुकवू नये. त्या रात्री डीजे वाजत असताना पडवीत दोघं काळा चहा पीत बसलेले गावाला दिसतील. दिसू देत. तिसऱ्याला कुठे यायचं ते त्यावरूनच कळेल.