रवांडाचा शनिवार

रवांडात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी ८ ते ११ दुकाने बंद असतात आणि माणसे फावडी घेऊन बाहेर पडतात. हे सार्वजनिक श्रमदान म्हणजे ‘उमुगांडा’. याच देशात १९९४ च्या वंशसंहारात सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास लोक मारले गेले. मारेकरी अनेकदा शेजारीच होते. त्याच वस्त्यांतल्या लोकांनी पुढे एकत्र चर खणले, शाळांच्या खोल्या बांधल्या. लोकांतूनच निवडलेल्या पंचांच्या ‘गचाचा’ न्यायालयांनी २०१२ पर्यंत या संहाराचे १० लाखांहून अधिक खटले निकाली काढले. तो न्याय निर्दोष नव्हता, पण निदान झाला. उमुगांडा कायद्याने सक्तीचा आहे आणि सरकारवर टीका करण्याची मोकळीक तिथे फारच थोडी. म्हणूनच उभारणीचे श्रेय सत्तेपेक्षा या राबणाऱ्यांना अधिक द्यावे लागते.