भिंतीच्या भेगेतली माशी

पावसाळा लागला की मानवतसारख्या कापूसपट्ट्यातल्या गावांत डासांची ओरड सुरू होते आणि धुराच्या गाडीची मागणी होते. पण डासाहून कितीतरी लहान, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची वाळूमाशी, म्हणजे सँडफ्लाय, या धुराला फारशी दाद देत नाही.

मातीच्या भिंतीतल्या भेगा, गोठ्याचा ओलसर कोपरा, उकिरड्याची कड ही तिची दडायची जागा. अंधार पडला की मादी बाहेर निघते. अंडी पोसायला तिला रक्त लागतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, घामाचा वास आणि अंगाची ऊब तिला माणसापर्यंत आणतात. ती गुणगुणत नाही. टुणटुण उड्या मारत सरकते आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून आत शिरते. चावताना तिची लाळ त्वचेत उतरते, आणि तिच्यात विषाणू असला तर तोही त्याच वाटेने.

१९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा इथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात असाच एक विषाणू सापडला. त्या ठिकाणाचंच नाव त्याला पडलं. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान मुलांचे बळी घेतले. अचानक चढलेला ताप, मग झटके, आणि काही वेळा एक-दोन दिवसांत सगळं संपतं.

त्यामुळे पालिका आणि ग्रामपंचायतींनी धुरावर समाधान मानू नये. घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींवर असर टिकणारी फवारणी हवी. भेगा लिंपाव्यात, उकिरडा घरापासून लांब न्यावा. तापात झटके आलेल्या मुलाला मात्र थेट रुग्णालयात हलवावं.