गाण्याखालचे नाव

यंदाच्या पावसाळ्यात मुंबईचे पाहुणे बीडला आले होते. मुलांना धबधबा पाहायचा होता, म्हणून आम्ही सगळे कपिलधारला गेलो. बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. वरून पाण्याची धार कोसळते आणि जवळच मन्मथस्वामींची समाधी आहे. लिंगायत समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान. कार्तिकी पौर्णिमेला येथे यात्रा भरते. आम्ही काही नवस फेडायला गेलो नव्हतो. पण ज्याने लोकांच्या बोलीत लिहिले त्याच्याविषयी आदर बाळगायला नवस लागत नाही.

परत येताना चहासाठी एका टपरीपाशी थांबलो. टपरीवाल्याच्या मोबाइलला छोटा स्पीकर जोडलेला होता आणि त्यावर पंढरीच्या वाटेचे ते प्रसिद्ध गाणे चालू होते. सोबत आमच्या आत्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत. त्या एकदम म्हणाल्या, "आरं, ह्यो तर आपला परल्हाद शिंदे!" टपरीवाला तरुण पोरगा. तो म्हणाला, "कोण गातंय ते नाही ठाऊक आजी, पण रोज सकाळी हेच लावतो." मुंबईची मुले आणखी गोंधळली. हाच आवाज त्यांनी चौदा एप्रिलला वस्तीत बाबासाहेबांच्या गाण्यांत ऐकला होता. एकच माणूस दोन्हीकडे कसा?

वाचकहो, त्या मुलांना उत्तर देता देता आम्हीच विचारात पडलो. ते तुमच्यापुढे मांडतो.

प्रल्हाद शिंदे १९३३ साली जन्मले. त्यांच्या भक्तिगीतांनी महाराष्ट्रातल्या एस.टी. स्टँडपासून देवळाच्या दारापर्यंत पहाट केली आणि त्यांच्याच भीमगीतांनी आपल्या वस्त्या रात्र रात्र जागवल्या. आनंद, मिलिंद, दिनकर ही मुले आणि आदर्शसारखे नातू तोच वारसा पुढे चालवत आहेत. पंढरीचे ते गाणे लिहिले दत्ता पाटील यांनी, चाल दिली मधुकर पाठक यांनी आणि घरोघरी पोहोचवले आपल्या माणसाच्या गळ्याने. ऐकणाऱ्यांना तिघांपैकी एकाचेही नाव ठाऊक नसते. आवाज सर्वांचा झाला, पण आवाजाचा धनी कोण हे कोणी विचारीत नाही.

याच कपिलधारला याच्या उलट उदाहरण आहे. मन्मथस्वामींना जाऊन चार शतके झाली, तरी त्यांचा अभंग कोणाचा हे सांगावे लागत नाही. अभंगाच्या शेवटी त्यांचे नाव येते. जुन्या लोकांची ही युक्ती मोठी शहाणपणाची होती. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, म्हणून नावच गाण्यात विणून ठेवायचे. गाणे जाईल तिकडे नाव जाईल.

ही युक्ती आपल्यात ज्यांनी सर्वांत चांगली चालवली ते महाकवी वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी त्यांचा जन्म झाला. शाळा नशिबी नव्हती. मुंबईत आले आणि पडेल ते कष्टाचे काम केले. एकदा कोणी पत्र वाचून दाखव म्हणाले आणि ते वाचता येईना, याचे त्यांना रडू कोसळले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून अक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. समता सैनिक दलात काम केले. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी गाण्याचे विडंबन. तिथून जे सुरू झाले ते १५ मे २००४ रोजी देह ठेवीपर्यंत थांबले नाही. साठ वर्षे हा माणूस गावोगाव फिरला, कार्यकर्त्यांच्या घरी उतरला, मिळेल ती भाकरी खाल्ली आणि हजारो गाणी समाजाला देऊन गेला. त्यांच्या कितीतरी गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. आत्यांना वामनदादांची गाणी ओळखू येतात ती त्यामुळेच.

वामनदादा मे महिन्यात गेले आणि प्रल्हाद शिंदे २३ जूनला गेले. अवघ्या चाळीस दिवसांच्या आत आपला लिहिता हात गेला आणि गाता गळाही गेला. लिहिणाऱ्याला शेवटच्या कडव्यात नाव घालता आले. गाणाऱ्याने आपले नाव कुठे घालायचे? आणि नाव राहिले तरी पोटाचे काय?

हा प्रश्न केवळ आपल्याच गायकांपुढे आला असे नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. काळ्या लोकांची हार्लेम वस्ती तिथून जवळच. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांचे दुःख सारखे असल्याचे कळवले होते. त्या समाजातल्या एका गायिकेची हकिकत आपल्या घरातल्या मुलींनी जरूर ऐकावी.

तिचे नाव रूथ ब्राऊन. १२ जानेवारी १९२८ रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथ गावी ती जन्मली. वडील गोदीत हमाली करीत आणि चर्चमध्ये गाणाऱ्यांचा संच चालवीत. तेव्हा काळ्यांच्या गाण्यांच्या तबकड्यांना 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत, म्हणजे आपल्याकडे गाण्यावर जातीचा शिक्का मारावा तसेच. १९४९ साली तेथील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने ते नाव टाकून 'रिदम अँड ब्लूज' असे नाव घेतले. त्याच सुमारास रूथ अटलांटिक या नव्या कंपनीत दाखल झाली. मोटारीच्या अपघातात पाय जबर जखमी होऊन ती इस्पितळात पडली होती, तेव्हा खाटेवरच तिने करारावर सही केली. पुढच्या पाच-सहा वर्षांत तिच्या तबकड्या इतक्या खपल्या की त्या कंपनीला लोक 'रूथने बांधलेले घर' म्हणू लागले.

पण घर बांधणारी घराबाहेरच राहिली. दक्षिणेकडच्या सभागृहांत मध्ये दोर बांधून गोऱ्या-काळ्यांना वेगळे ठेवीत आणि ती दोराच्या दोन्ही बाजूंना ऐकू येईल असे गात असे. तिचे गाणे पॅटी पेजसारख्या गोऱ्या गायिकेने म्हटले की गोऱ्यांच्या रेडिओवर तेच वाजे. हिशेबाची तऱ्हा तर आपल्या बीड जिल्ह्यातल्या माणसाला लगेच कळेल. ऊसतोडीला जाणारा कोयता मुकादमाकडून उचल घेतो, सहा महिने राबतो आणि परत येतो तेव्हाही अंगावर बाकी फिरलेलीच असते. तसेच कंपनी ध्वनिमुद्रणाचा खर्च गायिकेच्या नावावर मांडी. तबकड्या कितीही खपोत, वहीत तिच्याच अंगावर बाकी! गाण्याची रीत बदलली, मागणी संपली आणि रूथ ब्राऊनने दोन मुले वाढवण्यासाठी लोकांच्या घरी कामे केली, शाळेची बस चालवली. त्या दिवसांतही तिची गाणी विकली जात होती.

ती रडत बसली नाही. हॉवेल बेगल नावाचा वकील तिला भेटला आणि तिने कंपनीकडे हिशेब मागितला. सरकारदरबारी साक्ष दिली. काही वर्षे झगडल्यावर १९८८ साली कंपनीने नमते घेतले. एकट्या रूथचेच नव्हे, तर तिच्यासारख्या पस्तीस कलावंतांच्या अंगावरची बाकी रद्द केली आणि मागची रॉयल्टी नव्याने मोजली. म्हाताऱ्या, आजारी कलावंतांसाठी 'रिदम अँड ब्लूज फाउंडेशन' त्याच वर्षी उभे राहिले. पुढच्याच वर्षी रंगभूमीवरच्या कामासाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. २००६ साली ती वारली ती ताठ मानेने. बाबासाहेबांनी संघर्ष करा म्हणून सांगितले, त्याचेच हे दूरदेशीचे उदाहरण नव्हे काय?

आता आपल्या घराकडे पाहू. दुसऱ्याला दोष देण्याआधी आम्ही आमचा दोष कबूल करतो. कॅसेटचे दिवस होते तेव्हा आम्ही कोरी कॅसेट दुकानात नेऊन द्यायचो आणि भीमगीते भरून घ्यायचो. त्यातला एक पैसा गाणाऱ्याला गेला नाही, लिहिणाऱ्याला तर नाहीच. "समाजाचीच गाणी आहेत," असे म्हणून मनाची समजूत घालायचो. गाणी समाजाची खरी, पण गाणाऱ्याच्या घरची चूल समाज पेटवीत होता का? जयंतीला मंडप, डी.जे. आणि बॅनर यांवर हवा तेवढा खर्च होतो. गावातल्या जुन्या शाहिराच्या हातावर मात्र एक नारळ, एक शाल आणि "दादा, पुढच्या वर्षी बघू."

कायदा आज गायकांच्या बाजूने आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. आता ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. गायकालाही व्यापारी वापराबद्दल रॉयल्टी मागता येते. कवीच्या पश्चात साठ वर्षे हक्क टिकतो, म्हणजे वामनदादांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ सालच्या अखेरपर्यंत आहे. म्हणून नव्या पोरापोरींनी कागद वाचल्याशिवाय सही करू नये, कराराची प्रत घरी ठेवावी आणि रचलेल्या गाण्याखाली नाव व तारीख लिहावी. जयंतीत हौसेने गाणाऱ्याने परवानग्या घेत फिरावे असे आमचे म्हणणे नाही. त्याने गाण्याआधी कवीचे नाव घ्यावे, एवढे तरी फुकट होते. आणि मंडळांनी वर्गणीतला काही हिस्सा गावच्या वृद्ध गायकासाठी आधीच बाजूला काढावा, डी.जे.चे पैसे देऊन उरले तर नव्हे.

कपिलधारहून घरी आल्यावर आत्यांनी पेटीतून आपली वही काढली. जयंत्यांत, लग्नांत ऐकलेली शे-दीडशे गाणी त्यात उतरवून घेतलेली, पण खाली नाव एकाचेही नाही. त्या रात्री मुंबईची मुले त्यांच्याभोवती बसली. आत्या आठवून सांगत होत्या, "हे वामनदादांचं. हे आपल्या गावच्या मास्तरांचं. हे माझ्या सासूचं, तिनं जात्यावर रचलं." मुले गाण्याखाली नावे लिहीत होती. काही गाण्यांची नावे आत्यांनाही आठवली नाहीत. तिथे मुलांनी रेघ ओढून जागा मोकळी ठेवली आहे. पुढच्या भेटीत गावातल्या आणखी दोन म्हाताऱ्यांना विचारायचे ठरले आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल. ती आजच काढा, आणि सांगणारी माणसे आहेत तोवर नावे लिहून घ्या.

जयभीम!