बाप्तिस्म्यानंतरची पाने

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत 'स्मृतिचित्रे' शिकवले जाते, त्याला पिढ्या लोटल्या. त्यावर विचारले जाणारे प्रश्नही तितकेच जुने आहेत. लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी स्पष्ट करा. टिळक दांपत्याच्या सहजीवनाचे चित्र रेखाटा. धर्मांतरामुळे निर्माण झालेल्या संघर्षाचे स्वरूप सांगा. हे तिन्ही प्रश्न पुस्तकाच्या पूर्वार्धावरच निभावतात. उत्तरार्ध न वाचता पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत, आणि लपवण्यात अर्थ नाही, त्यांतले काही आमचेच होते. हे प्रश्न काढणाऱ्यांतही आम्ही होतोच.

काही वर्षांपूर्वीच्या एका तोंडी परीक्षेची आठवण आम्हांला अजून सलते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका विद्यार्थिनीला विचारले, "लक्ष्मीबाई ख्रिस्ती का झाल्या?" मुलगी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबातली, पुस्तक तिने मन लावून वाचलेले. ती म्हणाली, "सर, झाल्या म्हणजे कधी झाल्या, ते आधी ठरवावं लागेल. बाप्तिस्मा १९०० चा. पण त्या होत होत्या शेवटपर्यंत." परीक्षक हसले. "एवढं तत्त्वज्ञान नको, कारणं सांगा." तिने दोन कारणे सांगितली, गुणपत्रिकेत मध्यम गुण पडले. आम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून होतो आणि गप्प होतो. प्रस्तुत लेख त्या गप्प बसण्याचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे वाचकांनी मानायला हरकत नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. मराठी समीक्षेने ख्रिस्ती श्रद्धेला एका तारखेत कोंडून ठेवले आहे. टिळक म्हटले की फेब्रुवारी १८९५, रमाबाई म्हटले की सप्टेंबर १८८३. तारखेआधीचे सगळे कारण आणि तारखेनंतरचे सगळे परिणाम, अशी आमची मांडणी असते. पण ज्या ग्रंथावर या माणसांची श्रद्धा होती त्यात बाप्तिस्मा हा आरंभ आहे, वाढ पुढची आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या येण्याचा हेतू सांगतो तो विपुल जीवन हा. पौल इफिसच्या मंडळीला लिहितो तेव्हा प्रौढत्वाची आणि ख्रिस्ताच्या पूर्णतेपर्यंत पोचण्याची भाषा करतो. ही भाषा माणूस हळूहळू मोठा होतो असे मानणाऱ्याची आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती लेखकांनी ती गंभीरपणे घेतली. आम्ही मात्र त्यांची दाखल्यावरची नोंद तेवढी वाचत बसलो.

हे असे का झाले? दोष एकाच बाजूचा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयानेच ही सवय लावली असे म्हणावे लागते. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) ख्रिस्ती होऊन झालेला पुनर्विवाह हा कथेचा किनारा आहे, तिथे नाव लागली की कथा संपते. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'अरुणोदय'. उगवतीनंतरचा दिवस कसा गेला, हा त्या नावाचा विषय नव्हे. मिशनला हिशेब हवा होता, आणि हिशेबात डोकी मोजता येतात, वाढ मोजता येत नाही. दुसरीकडे पुण्यातल्या वृत्तपत्रांनाही तारीखच हवी होती, कारण तारखेवर खटला उभा करता येतो. शारदासदनाच्या १८९३ च्या वादात रमाबाईंच्या शाळेतल्या मुली प्रार्थनेला बसतात का, कोण बाटली, कोण बाटणार, एवढेच सर्वांच्या तोंडी होते. प्रार्थनेत काय घडते याचे कुतूहल तेव्हा फारसे कुणाला नव्हते. विद्यापीठांनी पुढे हे दोन्ही वारसे जसेच्या तसे घेतले.

आता पुस्तकाकडे वळू. १९३४ पासून भागाभागांनी आलेले 'स्मृतिचित्रे' तारीखवाद्यांना पदोपदी अडचणीत आणते. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातले खरे वळण बाप्तिस्म्याच्या दिवशी येत नाही. ते आधीच, राहुरीला, येऊन गेलेले आहे. नवरा ख्रिस्ती झालेला, आपण त्याच्याकडे परतलेल्या, पण चूल निराळी, पाणी निराळे. अशा अवस्थेत काही काळ काढल्यावर ही बाई एक दिवस स्वतःशी विचार करत बसते की जाती देवाने केल्या की माणसांनी. कुणी प्रवचन केलेले नाही, टिळकांनी त्या दिवशी वाद घातलेला नाही. विचाराच्या अखेरीस ती ठरवते की यापुढे कुणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. सोवळ्यात वाढलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही घटना किती मोठी, हे सोवळे न पाहिलेल्या आजच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावे लागते. पण आमचे म्हणणे याच्याही पुढचे आहे. हा निर्णय एका दिवसाचा, त्याची किंमत मात्र पुढची अनेक वर्षे हप्त्याहप्त्याने फेडली जाते. घरात आलेली परकी मुले, पैसा हातात टिकू न देणारा नवरा, त्याच्यावरचा राग, रागानंतरचे हसू, आणि १९१९ नंतरचे वैधव्य. ज्याला आम्ही विनोद म्हणून गुण देतो तो विनोद याच फेडीतून आला आहे. आरंभी ही बाई टिळकांना हसते. पुढे ती स्वतःला हसू लागते, आपल्या भीतीला, आपल्या अभिमानाला हसू लागते. हसण्याचा रोख असा बदलणे हीच तिची आध्यात्मिक वाढ. 'विनोदबुद्धी स्पष्ट करा' या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे तर ख्रिस्ती श्रद्धेबद्दल बोलल्यावाचून गत्यंतर नाही. (त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव 'भरली घागर' आहे, हे वर्गात आम्ही कितीदा नुसते माहिती म्हणून सांगितले असेल!)

रमाबाईंचे उदाहरण तर अधिकच बोलके. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर लगेच भांडण सुरू झाले. त्रैक्य त्यांना सहजासहजी पटेना. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्या विचारत होत्या. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे आणि तो नवख्या भक्तिणीचा पत्रव्यवहार मुळीच वाटत नाही. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी मान्य केले की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. म्हणजे तारीखवाद्यांच्या हातातली तारीख खुद्द रमाबाईंनीच बाद ठरवली आहे. आम्ही तरीही ती पाठ करून घेतो.

पण आम्हां भाषेच्या अध्यापकांना सर्वांत लाज वाटावी अशी गोष्ट निराळीच आहे. रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा काम नुकते हातावेगळे झाले होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटले, त्या बाईने दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना कळावे म्हणून आपली भाषा उतरवत उतरवत साधी केली. पांडित्य सोडणे हे पंडिताला सर्वांत जड जाणारे व्रत असते. अध्यात्म आणि शैली यांचा संबंध शोधायला आम्ही कुठे कुठे फिरतो, आणि पुणे जिल्ह्यातले हे भाषांतर मराठी गद्याच्या इतिहासात एका ओळीवर निकालात काढतो. ती ओळसुद्धा बहुधा 'मिशनरी वाङ्मय' या मथळ्याखाली असते.

टिळकांबद्दल थोडक्यातच सांगतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, मिशनचा आश्रय सोडला, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. ज्याची ओळख आम्ही बाप्तिस्म्यावरून ठरवतो, त्याच्याच दरबाराच्या दारात बाप्तिस्म्याची विचारणा नव्हती! हा विरोधाभास एकाही प्रश्नपत्रिकेत आल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आमच्याकडे वाढ वाचायची साधने नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. दासबोधातले बद्ध, मुमुक्षु, साधक, सिद्ध हे चार टप्पे आमच्या विद्यार्थ्याला मुखोद्गत असतात. तुकोबांच्या अभंगांत निराशेपासून निर्भरतेपर्यंतचा प्रवास आम्ही तासन्‌तास उलगडून दाखवतो. सिऊरच्या बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात आम्हांला साधनेचे सूक्ष्म स्तर दिसतात. मग 'अभंगांजली' लिहिणाऱ्या टिळकांपाशी आलो की ही सारी परिभाषा कुठे जाते? संताला साधना आणि ख्रिस्त्याला धर्मांतर, ही वाटणी कोणी केली?

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. भक्तिपरंपरेची मोजपट्टी लावली की ख्रिस्ती अनुभवाचे वेगळेपण पुसले जाते, तो आपल्याच घरातला होऊन बसतो. मान्य. म्हणूनच मोजपट्टी लावताना ती कुठे अपुरी पडते ते पाहिले पाहिजे. समर्थांच्या मांडणीला सिद्धावस्था हे शिखर आहे. पौलाच्या मांडणीत एकटा माणूस शिखर गाठतच नाही. तिथे मंडळी हे एक शरीर आहे आणि वाढायचे ते त्या सबंध शरीराने. लक्ष्मीबाईंचे भरलेले घर, रमाबाईंच्या दुष्काळग्रस्त मुली, टिळकांचा दरबार, या सगळ्यांत माणसे सारखी का वाढत जातात, हे त्यावरून कळते. हा फरक वर्गात मांडायला आधी दोन्ही बाजूंना वाढ आहे हे कबूल करावे लागते. आम्ही तेवढेही करत नाही.

ख्रिस्ती व्यासपीठांनाही थोडे सुनावणे भाग आहे. अलीकडे काही सभांतून 'विपुल जीवन' याचा अर्थ कर्ज फिटणे, व्हिसा मिळणे, गाडी येणे असा सांगितला जातो, आणि साक्षी तर पुन्हा एका दिवसाच्याच असतात: अमुक तारखेला दारू सुटली, अमुक तारखेला आजार गेला. मिशनच्या जुन्या हिशेबवहीचीच ही नवी आवृत्ती. या वक्त्यांनी टिळक वाचले असते, तर विपुलता आणि रिकामा खिसा एकाच घरात नांदू शकतात, हे त्यांच्या ध्यानात आले असते.

तारखेचे हे खूळ किती खोल गेले आहे, ते २०२० च्या जानेवारीतल्या संमेलनाच्या निमित्ताने दिसले. उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो निवडले गेले आणि आक्षेप उठला तो त्यांच्या धर्मगुरुपदावर. वसईच्या ख्रिस्ती समाजाचे धर्मांतर पोर्तुगीज काळातले, शेकडो वर्षांपूर्वीचे. तरी हिशेब मागितला गेला तो त्याचाच. त्या माणसाने हरित वसईच्या चळवळीत विहिरी आणि झाडे राखण्यासाठी धोका पत्करला, 'सुबोध बायबल' सिद्ध करायला कित्येक वर्षे घातली. विपुल जीवन या शब्दाचा त्याने लावलेला अर्थ त्या विहिरींत आणि त्या भाषांतरात होता. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजल्या पुष्कळ आल्या, अभ्यास मात्र अजून यायचा आहे.

असो. यंदा आम्ही प्रश्नसंचात एक प्रश्न घातला: 'बाप्तिस्म्यानंतरच्या भागाच्या आधारे लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेत झालेल्या वाढीची चर्चा करा.' समितीकडून तो परत आला. समासात शेरा होता, 'अभ्यासक्रमाशी संबंध नाही.' आम्ही पृष्ठक्रमांक जोडून तोच प्रश्न पुन्हा पाठवला आहे.