आगीनगाडी आणि कुंडल रोड

नातवाने अमेरिकेतून तिकडच्या शंभर वर्षांपूर्वीच्या वाफेच्या इंजिनाचा फोटो पाठवला. विचारतो, "आजोबा, तुमच्याकडे होते का असे?"

होते की! आमच्या कुंडलजवळचे स्टेशन किर्लोस्करवाडी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना काढला, तेव्हा त्याचे नाव कुंडल रोड होते. १९७१च्या सुमारास रूळ रुंद होईपर्यंत ही मीटरगेज लाइन. खिडकीत बसले की डोळ्यात कोळशाचा कण जायचाच, आणि पांढऱ्या सदऱ्याची तर गोष्टच सोडा.

पण या इंजिनांचे नुसते कौतुक मला पटत नाही. कौतुक करणारे आम्ही सगळे डब्यात बसलेले; भट्टीपुढे फावड्याने कोळसा ओढणाऱ्या फायरमनला कोण विचारतो?

शिवाय आमच्या भागात इंजिनाची मोठी गोष्ट आहे ती धावणाऱ्या नव्हे, थांबवलेल्या गाडीची. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने रुळांवर दगड रचून सरकारी पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली आणि तो पैसा प्रतिसरकारच्या कामाला लावला. तिचे पुढारी जी. डी. बापू लाड आमच्या कुंडलचेच. मुलांना आपण झुकझुक शिकवतो, हे सांगत नाही.

नातवाला हे सगळे लिहून पाठवले आहे. फोटो मात्र माझ्याकडे एकही नाही.