चूक कोणाची?

आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस मोबाइलवरील अ‍ॅप रचण्याची हौस लागली आहे. ती स्तुत्यच होय. परंतु त्यांनीं पहिला धडा वापरणाऱ्या मनुष्यापासून घ्यावा, असें आमचें मत आहे.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-17 विमानांचे कांहीं वैमानिक, विमान सुखरूप उतरल्यावर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच आंत ओढून घेत, व विमान पोटावर आदळे. दोष वैमानिकांच्या माथीं येई. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपॅनिस यांनीं मात्र खटके तपासले: दोन्ही एकसारखे व शेजारींशेजारीं! मग एका खटक्यास चाकाच्या व दुसऱ्यास पाचरीच्या आकाराची मूठ बसविली. न पाहतांही हातास भेद कळूं लागला.

तेव्हां विद्यार्थीहो, अ‍ॅप पुरें होण्यापूर्वींच तें आजीच्या हातीं द्या व मुकाट्यानें पाहा. तिचें बोट जेथें अडेल, तेथें तिला शिकवूं नका. तें स्थळ टिपून घ्या व सुधारा. पालकांसही विनंती कीं, ऑनलाइन अर्ज भरतांना मूल चुकलें, तर त्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वीं अर्जही एकदां पाहावा. पुष्कळजण जेथें ठेंचाळतात, तेथील धोंडा उचलणें हेंच शहाणपण.